आतून झिजलेली झडप

१

फाटलेली पुस्तके माझ्याकडे येतात. ज्यांना अजून वाचता येत नाही अशा वाचकांची ती पुस्तके असतात. जाड पुठ्ठ्याची पाने, गोल केलेले कोपरे आणि पानोपानी उघडता येणाऱ्या झडपा. एक झडप उचलली की खाली मांजर दिसते, दुसरी उचलली की चेंडू. मुले मात्र झडपा उचलत नाहीत, उपटतात, कोपरे चघळतात, ओढायच्या पट्ट्या मुळासकट बाहेर काढतात. गल्लीच्या टोकाला बालवाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपालबाई अशी पुस्तके पिशवीत भरून आणतात आणि दारातूनच ओरडतात, "काकू, पेशंट आणलेत!"

"पुस्तकांना पेशंट म्हणू नये," मी म्हणते.

"बरं बाई. मग जखमी म्हणू?"

मी जुनी मॅट्रिक. एका छापखान्याच्या बांधणी विभागात तपासनीस होते. वाकडे चिकटलेले पान माझ्या नजरेतून सुटत नसे आणि त्यामुळे मी तिथे फारशी कुणाची लाडकी नव्हते. ती सवय अजून अंगात आहे. तुटलेल्या झडपेला मी कापडी पट्टीची नवी बिजागरी लावते, ती हाडाच्या पट्टीने दाबते आणि वर जुनी लोखंडी इस्त्री ठेवते. खळ पूर्ण वाळल्याशिवाय पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम आहे. नियम मोडणारी व्यक्ती घरात एकच येते, ती म्हणजे माझी नात. तिला आम्ही भिंगरी म्हणतो.

मुलगा आणि सूनबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. जेवणे झाली की सूनबाई भिंगरीला माझ्याकडे सोडून कामावर जाते आणि दिवेलागणीला घेऊन जाते. मधल्या वेळेला मी माझा दिवस समजत असे. उरलेला वेळ घड्याळाचा होता. तो आपोआप जाई.

पण तो मधला वेळही टांगणीला लागलेला होता. मागे एकदा किल्ली आत राहून दार लागले आणि मी व भिंगरी जिन्यात बसून राहिलो. तेव्हापासून सूनबाई निघताना म्हणू लागली, "आई, झेपतं ना तुम्हाला? नाहीतर पाळणाघर आहे जवळच. चांगलं आहे म्हणतात."

"मला झेपतं," मी म्हणे आणि आणखी एकही शब्द बोलत नसे. माझ्या तोंडून एखादी विचित्र गोष्ट निघाली तर काय होईल, हे मला नीट ठाऊक होते.

२

एका खेपेच्या पिशवीत एक पुस्तक मुखपृष्ठाशिवाय आले. आतल्या चित्रांवरून ते एका घराचे पुस्तक होते. प्रत्येक पानावर एक खोली आणि खोलीत उघडणारी दारे. कपाटात ससा, पलंगाखाली कुत्रा, पेटीत बदक. शेवटच्या पानावर जिना होता आणि जिन्याखाली बुटके तपकिरी दार. त्याची बिजागरी फाटून झडप एका दोऱ्यावर लोंबत होती. ती उचलून मी खाली पाहिले. झाडू, बादली आणि काळोख. प्राणी नव्हता.

मला ते खटकले. इतर सगळ्या दारांमागे कोणी ना कोणी असताना एकाच दारामागे काहीच का ठेवावे? चित्रकाराला कंटाळा आला असेल, असे मनाशी म्हणून मी झडप उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली.

झडप कशी झिजते हे मला सांगायला कुणी नको. मूल कडेखाली नख घालते आणि वरून अंगठा दाबते, म्हणून कडा मळतात आणि वरच्या बाजूला अंगठ्याचा डाग पडतो. झडपेच्या आतल्या बाजूच्या मधोमध कुणाचाच हात जात नाही. तिथला रंग शेवटपर्यंत कोरा राहतो.

या झडपेच्या कडा स्वच्छ होत्या. वरची बाजू नुकती छापल्यासारखी चकचकीत होती. आतल्या बाजूला मात्र मधोमध रंग पार गेला होता आणि खालचा करडा पुठ्ठा उघडा पडून गुळगुळीत झाला होता. ढकलायचे दार वर्षानुवर्षे तळव्याने ढकलले की जसे गुळगुळीत होते, तसे.

पुठ्ठ्याचा दोष असेल. कुणीतरी आधी दुरुस्त करताना दुसऱ्या पुस्तकातला तुकडा चिकटवला असेल. दोन्ही कारणे मला पटली, आणि दोन-दोन कारणे लागावीत हे मात्र पटले नाही. मी बिजागरी लावली, इस्त्री ठेवली आणि हात धुतले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले.

३

भिंगरीला मी एक शिस्त लावलेली होती. कुणाच्याही खोलीत जाताना दारावर टकटक करायची, "आत येऊ का?" विचारायचे आणि उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. सूनबाई हसून म्हणे, "आई, चार वर्षांची पोर आहे, साहेबाच्या केबिनमध्ये नाही चालली." पण भिंगरीला ते फार आवडले. ती पुस्तकातल्या दारांवरही टकटक करी. क्षणभर थांबे, मग स्वतःच "हो, ये" म्हणून झडप उघडे.

खळ वाळल्यावर मी तिला ते पुस्तक दिले. ती तिच्या ठेंगण्या स्टुलावर बसली आणि पुस्तक जमिनीवर ठेवून कामाला लागली. कपाटावर टकटक, ससा. पेटीवर टकटक, बदक. मी पलीकडे मेजाशी एका फाटक्या हत्तीची सोंड चिकटवत होते.

जिन्याखालच्या दारावर तिने टकटक केली. "आत येऊ का?" विचारले. आणि ती थांबली ती थांबलीच.

"अगं, उघड की," मी म्हणाले.

"नको. नाही म्हणाले."

"कोण नाही म्हणाले?"

"आतले." तिने पान मिटले आणि पुस्तक पहिल्यापासून सुरू केले. आवाजात ना भीती, ना कौतुक. शेजारच्या काकांनी आज खेळायला नको म्हणावे, तसे.

मला तिच्या कल्पनाशक्तीचे हसू आले. खरे सांगायचे तर तिच्या शिस्तीचा अभिमानच वाटला.

४

पुढे ती रोज तेच पुस्तक मागू लागली. ग्रंथपालबाई न्यायला आल्या तेव्हा मी म्हणाले, "अजून थोडे काम आहे त्यावर." काम काहीच नव्हते. भिंगरी एका जागी बसत होती, माझ्याजवळ बसत होती, आणि मला तेवढे हवे होते.

एका दुपारी माझ्या दोन्ही हातांची बोटे खळीने माखलेली असताना ती म्हणाली, "आजी, ते विचारतात."

"काय विचारतात?"

"बाहेर येऊ का?"

एक नाजूक पट्टी बरोबर खाचेत बसवण्याच्या बेतात मी होते. मान वर न करता, दारी आलेल्या कुणालाही म्हणावे तसे मी म्हणून गेले, "हो हो, या म्हणावं. पण पाय पुसून."

भिंगरी पुस्तकाकडे वाकली आणि हळू आवाजात निरोप दिला, "या म्हणते आजी. पण पाय पुसून."

पट्टी खाचेत बसली. मी समाधानाने श्वास सोडला, आणि तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. स्वयंपाकघराच्या दाराशी काथ्याचे पायपुसणे आहे. त्यावर कुणीतरी पाय पुसत होते. खर्र, खर्र. एक पाय, मग दुसरा. पुन्हा पहिला. घाई अजिबात नव्हती. सांगितलेले काम नीट करणाऱ्याचा आवाज होता तो.

मी उठून पाहिले. पायपुसणे जागेवर होते. त्याचे केस एका दिशेला झोपले होते. खिडकी उघडी होती, वारा असेल. वाऱ्याने काथ्या झोपत नाही, हे मला कळत होते. पण तेवढ्यात भिंगरी मागून म्हणाली, "आजी, आता खाऊ?" आणि मी डबा काढायला वळले. डब्याचे झाकण उघडायला मला बराच वेळ लागला.

५

त्यानंतर भिंगरी सतरंजीवर मधोमध बसेनाशी झाली. ती कडेला सरकून बसे आणि पुस्तकही थोडे तिरके ठेवी, शेजारच्यालाही दिसावे असे. मी विचारले नाही. एकदा मी तिच्या मोकळ्या बाजूला बसायला गेले तर म्हणाली, "तिथं नको. इकडे ये."

ती झोपलेली असताना मी झडप उचलून पाहिली. झाडू होता. बादली होती, पण भिंतीला टेकलेली. ती पूर्वी दाराच्या मधोमध होती, असे मला वाटले. वाटले, एवढेच म्हणते. छापलेले चित्र हलत नाही. माणसाची आठवण हलते, आणि माझे वय आठवण हलण्याचेच आहे. मी स्वतःला हे नीट, मुद्देसूद समजावले. मग इस्त्री आणून झडपेवर ठेवली.

सूनबाई संध्याकाळी आली ती चपला न काढताच दारात उभी राहिली.

"आई, दुपारी कोण येतं तुमच्याकडे?"

"कोण येणार? ग्रंथपालबाई येतात कधीतरी."

"भिंगरी म्हणते, एक जण येतात. तिच्याशेजारी बसतात. बोलत नाहीत फारसं." तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "तुम्ही कुणाला घरात घेता का? विकणारा वगैरे? रागवू नका, विचारायला हवं म्हणून विचारते."

"अगं, खेळ आहे तिचा. मुलांचा असतो."

"मीही तेच म्हटलं ह्यांना. पण ह्यांचं आपलं पाळणाघर पाळणाघर चाललंय." ती जरा मऊ झाली. "तुम्ही काळजी नका करू. तुम्ही आहात म्हणून तर मी कामावर निर्धास्त असते."

 पायपुसण्यावरच्या आवाजाचे बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून माझी दुपार गेली असती. मी भिंगरीच्या बुटांचे बंद बांधले.

६

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होते आणि खोलीत भरपूर उजेड होता. हे मुद्दाम सांगते. मी मेजाशी होते. भिंगरी पालथी पडून पुस्तक पाहत होती आणि पाय हवेत हलवत होती. टकटक झाली. "आत येऊ का?" झाले. मग पाय हलायचे थांबले.

मी मान वर केली. जिन्याखालची झडप उघडी होती. भिंगरीचा उजवा हात तीत घातलेला होता.

पुठ्ठ्याचे ते पान माझ्या करंगळीपेक्षा पातळ आहे. पान सतरंजीवर आणि सतरंजी फरशीवर होती. भिंगरीचा हात कोपरापर्यंत दिसत होता. कोपरापुढे दिसत नव्हता. तिचा खांदा हळूहळू पुढे सरकत होता, कुणी प्रेमाने हात धरून "चल" म्हणावे तसा.

मी कशी पोहोचले ते सांगता येत नाही. खळीचे भांडे उपडे झाले होते, एवढे नंतर पाहिले. मी तिला कमरेला धरून ओढले. क्षणभर, अगदी क्षणभरच, दुसऱ्या बाजूनेही ओढ होती. मग ती सुटली आणि आम्ही दोघी मागे पडलो. झडप मिटली. तिचा हात शाबूत होता, फक्त गार होता, आणि बोटांना जुन्या केरसुणीची धूळ लागली होती.

ती रडू लागली. भीतीने नव्हे, अन्याय झाल्यासारखी. "मी विचारलं होतं! ते ये म्हणाले! तूच म्हणतेस ना, ये म्हणाले की जायचं!"

तिला पोटाशी धरून मी बसून राहिले. 

७

त्या संध्याकाळी मी सूनबाईला सांगितले, "उद्यापासून तिला पाळणाघरात घाल."

ती पाहतच राहिली. "का? काय झालं?"

"मला झेपत नाही."

"कालपर्यंत तर..." तिच्या डोळ्यांत पाणी आले, मला वाटले होते ती सुटकेचा श्वास सोडेल. "माझं काल काही चुकलं का बोलायला? आई, मी सहज विचारलं होतं हो."

"तुझं काही चुकलं नाही. माझं वय झालं."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते कारण पुढे केले. भिंगरी जिना उतरताना मागे वळून हात हलवत होती. मला नव्हे; माझ्या कमरेच्या उंचीवर, जरा डावीकडे.

पुस्तक मी वाचनालयाला परत दिले नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या हाती ते द्यावे हे मला शक्य नव्हते. जाळावे असेही वाटले. पण पुस्तकातले घर जळू लागले की आतला बाहेरच येईल, हा विचार आला आणि काडी हातातच राहिली. मी ते चारही बाजूंनी कापडी पट्टीने बांधले, इस्त्रीखाली ठेवले आणि रिकाम्या दुपारी त्याच्यासमोर बसून राहिले. पायपुसण्याचा आवाज आला नाही. कुठलाच आवाज आला नाही. स्टूल तसेच होते. ते उचलून आत ठेवायचे माझ्याने झाले नाही.

मग सूनबाईचा फोन आला.

"आई, पाळणाघरातल्या ताई म्हणत होत्या, भिंगरी खेळत नाही. खेळण्यांच्या कपाटासमोर उभी राहते. टकटक करते आणि वाट बघते. आज म्हणाली, आतून उत्तर आलं." ती हसायचा प्रयत्न करत होती. "तुमच्या शिस्तीचं वेड आहे झालं. ताई कौतुकानं सांगत होत्या. पण मला काही ते बरं नाही वाटलं."

"काय उत्तर आलं?"

"काय?"

"अगं, आतून काय उत्तर आलं म्हणाली?"

"थांब म्हणाले म्हणे. येतो म्हणाले."

फोन ठेवून मी पुस्तकावरची इस्त्री काढली. पट्ट्या कात्रीने कापल्या.  शेवटचे पान उघडले. झडपेवर टकटक केली.

"ती लहान आहे," मी म्हणाले. "तिला दिवसभर दुसरी मुलं असतात. मला कुणी नसतं. तुम्ही इकडेच या. रोज या. मी वाचून दाखवीन."

बराच वेळ काही झाले नाही. मग स्वयंपाकघराच्या दाराशी पाय पुसल्याचा आवाज आला. खर्र, खर्र. एक पाय, मग दुसरा.

८

आता भिंगरी पाळणाघरात रमली आहे. कपाटासमोर उभी राहत नाही. चिखलात खेळते, मारामाऱ्या करते, घरी येऊन गाणी म्हणते. सूनबाई सगळे फोनवर सांगते आणि मी पुन्हा पुन्हा विचारते, "टकटक करत नाही ना?" ती म्हणते, "नाही हो आई, आता तर पठ्ठी दार ढकलून धाडकन आत घुसते." ते ऐकून मला जे वाटते त्याला आनंदच म्हटले पाहिजे.

दुपारी मी वाचते. पुस्तकांत शब्द थोडे असतात, म्हणून मी चित्रे सांगते, आवाज काढते, झडपा उघडते. स्टुलाकडे पाहत नाही. तसे मी ठरवूनच घेतले आहे. एकदाच, पान उलटताना, त्या बाजूने एक हात पुढे आला आणि माझ्या नजरेच्या कडेला पडला. छपाईचे चित्र भिंगाखाली धरले की रंग नाहीसा होऊन नुसते ठिपके उरतात. मी उभा जन्म ते ठिपके तपासले. त्या हाताचे ठिपके दिसायला भिंगाची गरज नव्हती. मनगटाच्या वर मी पाहिले नाही.

वाचता वाचता थांबले की स्टूल करकरते. उठायच्या बेतातल्या माणसाखाली करकरते तसे. म्हणून मी थांबत नाही.

परवा सुट्टीच्या दिवशी दुपारी बाहेरचे दार वाजले. मुलाचा आवाज आला. "आई, आम्हीच आहोत. न कळवता आलो. किती टाळशील? पोरगी सारखी तुझी आठवण काढते आहे."

मग भिंगरीचा आवाज. "आजी, दार उघड ना! माझे नवे बूट बघ, चालले की दिवे लागतात!"

स्टूल करकरले. त्यावर बसलेला तिचा आवाज ऐकत होता.

मी वाचू लागले. मोठ्याने. बदकाच्या पानावर होते, बदकाचा आवाज काढला, मग कुत्र्याचा, मग माझे मलाच ऐकू येईना इतक्या मोठ्याने सशाची गोष्ट रचून सांगू लागले. भिंगरीचा आवाज त्याला ऐकू जाऊ नये, एवढेच मी पाहत होते. बाहेर दार पुन्हा वाजले. मुलगा म्हणाला, "आई? आत कुणी आहे का तुझ्याकडे?" मी आवाज आणखी चढवला. स्टूल हळूहळू शांत झाले.

श्वास घ्यायला मी किंचित थांबले, तेवढ्यात दारापलीकडून मला ऐकू आले. ती आता ओरडत नव्हती.

"बाबा," भिंगरी विचारत होती, "आजी कुणाला वाचून दाखवते?"

 थोड्या वेळाने जिन्यावरून पावले उतरू लागली. जड पावले आणि त्यांच्यामागे रेंगाळणारी हलकी. मी पुढची झडप उघडली आणि तिच्याखाली काय आहे ते सांगू लागले.